फ्रान्सच्या कालव्यात बोट घेऊन राहायचं, जमेल का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही दोघं साठीतले, मुलगा-सून जर्मनीत असतात. ते म्हणतायत पुढच्या वर्षी सगळे मिळून दक्षिण फ्रान्समध्ये कनाल द्यु मिदीवर आठवडाभर बोट भाड्याने घेऊ, तिच्यातच राहू आणि चालवायची पण आपणच. मुलाने तुलूजपासून समुद्रापर्यंतचा आख्खा कालवा प्लॅनमध्ये घातलाय. आमच्यात कुणीच कधी बोट चालवली नाहीये, ह्यांचे गुडघे दुखतात, आणि लॉकचे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कुंडांचे, व्हिडिओ बघून मला तर धडकीच भरली. शिवाय आम्ही शाकाहारी. जावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: जा, नक्की जा, फक्त मुलाला आधी तो प्लॅन फाडायला सांगा. आख्खा कालवा 240 किलोमीटरचा आहे, बोटीला वेगमर्यादा ताशी 8 किलोमीटर, लॉक साठाहून जास्त, आणि भाड्याच्या बोटी रात्री चालवता येत नाहीत. म्हणजे आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं दोर ओढत बसायचं आणि गावं लांबूनच बघायची, याला सुट्टी म्हणवत नाही मला.

लायसन्सची काळजी सोडा, भाड्याच्या बोटीला ते लागत नाही, कंपनीवाले निघायच्या आधी शिकवतात. लॉकची भीती मात्र मी समजू शकते. वर चढणाऱ्या लॉकमध्ये कुणीतरी काठावर उतरून दोर घ्यावा लागतो, पाणी जोरात आत येतं, बोट हलते. खाली उतरताना शांत असतं, पण दोर घट्ट बांधून टाकला तर पाणी खाली जातं आणि बोट लटकते, म्हणून दोर हातात धरून हळूहळू सोडत राहायचं. हे काम मुलगा-सुनेचं, ह्यांनी त्यात पडूच नये.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. याच कालव्यात आर्जां गावापासून बेझिएर शहराच्या अलीकडच्या फोन्सरानपर्यंत तब्बल 54 किलोमीटर एकही लॉक नाही! तुम्ही फक्त तेवढाच तुकडा करा, जाऊन-येऊन. हिशोब करा ना, दोन्ही वेळचं धरून 108 किलोमीटर, म्हणजे साधारण चौदा तास, सात दिवसांत वाटले तर रोजचे दोनच तास. उरलेला दिवस तुमचा.

आणि हा तुकडा काही कमी प्रतीचा नाही हो. कालवा बांधणारा प्येर-पॉल रिके हा मिठाचा कर गोळा करणारा अधिकारी, 1666 ला काम सुरू झालं, त्याने स्वतःचे पैसे घातले आणि 1680 मध्ये, कालवा पुरा व्हायच्या काही महिने आधीच तो गेला, हे वाचून मला दर वेळी चुटपुट लागते. ही 54 किलोमीटरची सपाटी म्हणजे त्याचा हट्टच, टेकडी आडवी आली तर पाण्याची पातळी न सोडता त्याने ती पोखरली. तो मालपासचा बोगदा, जेमतेम 165 मीटरचा, पण आत शिरताना आपोआप सगळे गप्प होतात. बोट तिथे जवळ बांधून वर आँसेऱ्युनच्या टेकडीवर जा (चढ आहे, ह्यांना टॅक्सी करा), तिथून माँतादीचं सुकवलेलं तळं दिसतं, मध्ययुगात पाणी काढून टाकलेलं, सगळी शेतं चाकाच्या आऱ्यांसारखी मध्याकडे जातात. पाराझाजवळ कालवा चक्क पुलावरून एक ओढा ओलांडतो. ल सोमायला दगडी पूल आणि जुन्या पुस्तकांचं मोठं दुकान आहे, तिथे एक मुक्काम कराच. कापेस्तांगचा पूल फार बुटका, तिथे सगळ्यांनी डोकी खाली घालायची. आणि शेवटी फोन्सरानच्या वरच बोट बांधून चालत जा, एकाखाली एक कुंडांचा जिनाच आहे तो, दुसऱ्यांच्या बोटी 21 मीटर खाली उतरताना काठावर बसून बघा. कुंडांच्या भिंती बाकदार का, तर सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या होत्या, आपण विहीर गोल बांधतो तसंच.

एक वाईट वाटणारी गोष्ट आधीच सांगते. फोटोत दिसणारी काठावरची प्लेनची झाडं, म्हणजे आपल्या काश्मीरच्या चिनाराची भावकीच, 2006 पासून बुरशीच्या रोगाने मरतायत आणि हजारोंनी तोडावी लागली. नवी लावतायत, पण बऱ्याच ठिकाणी सावली नाही. म्हणून जुलै-ऑगस्ट टाळा, मे-जून किंवा सप्टेंबर घ्या. आणि दोर झाडाला कधीही बांधू नका, मनाई आहे, खोडाला जखम झाली की रोग पसरतो. बोटीत खुंट्या आणि हातोडा असतो, त्या काठावर ठोकायच्या. वारा जोराचा असेल तर त्या दिवशी निघूच नका, उंच बोट काठावर ढकलली जाते.

जेवणाचं सोपंय, बोटीत गॅस, फ्रिज सगळं असतं, छोटा कुकर घेऊन जा. डाळ, मसाले चालतील पण तूप, खवा, पेढे भारतातून नेऊ नका, युरोपात दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, लोणी तिथलंच घ्या आणि बोटीवरच कढवा. हॉटेलात कासुले दिसलं तर ते नुसत्या पांढऱ्या घेवड्याचं वाटतं, पण आत बदक आणि डुकराचं मांस असतं. सकाळी सुनेला सायकलवर पाठवून गावातल्या बेकरीतून ताजा पाव आणवा, तोवर तुमचा चहा होतो.