डिस्कसोबत प्लेअर द्यावा का?

प्रश्न : घिस्सा, ढाक, कलाजंग असे लाल मातीतील कुस्तीचे डाव वस्तादांकडून करवून घेऊन आम्ही त्यांचे चित्रण केले आहे आणि खासबाग मैदानाची माहिती जोडून त्याची एक डीव्हीडी तयार केली आहे. ती तालमींना व शाळांच्या ग्रंथालयांना द्यायची आहे. डिस्क घातली की आधी प्लेअर इन्स्टॉल व्हावा आणि मग चित्रफिती दिसाव्यात, अशी रचना आहे. परंतु शाळेच्या विंडोज ७ संगणकांवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागितला जातो, मॅकवर काहीच सुरू होत नाही आणि एका ग्रंथालयात तर उबुंटू ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम आहे. इन्स्टॉलेशन सोपे कसे करावे?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : इन्स्टॉलेशन सोपे करत बसण्यापेक्षा ते काढूनच टाकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. डिस्कसोबत प्लेअर देण्याची पद्धत पडली ती विंडोज आणि मॅक यांना एकमेकांच्या फाइली चालवता येत नसत त्या काळात. विंडोजवरील क्विकटाइमला अ‍ॅपलने २०१६ मध्ये आणि फ्लॅशला अ‍ॅडोबीने २०२० च्या अखेरीस रामराम ठोकला असल्याने, जुन्या डिस्कवरून उचललेले हे प्लेअर तर मुळीच देऊ नयेत.

चित्रफिती एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी (चित्र व ध्वनी साठवण्याच्या प्रचलित पद्धती) असलेल्या एमपी४ स्वरूपात ठेवाव्यात. विंडोज ७ मधील मीडिया प्लेअर आणि मॅकवरील क्विकटाइम हे दोन्ही अशा फाइली वेगळे काहीही न बसवता चालवतात. मात्र कॅमेऱ्यातून चित्रण १० बिटांत (रंगांच्या अधिक छटा नोंदवणाऱ्या स्वरूपात) आले असेल, तर ते ८ बिट, ४:२:० या रंगाचा तपशील कमी ठेवणाऱ्या नेहमीच्या स्वरूपात उतरवून घ्यावे. नाहीतर ढाकेचा आवाज येईल आणि पडदा काळाच राहील. उबुंटूवर एमपी४ चालेलच असे नाही, म्हणून त्यासाठी प्रत्येक चित्रफितीची वेबएम या मुक्त व्हिडिओ स्वरूपातील प्रतही सोबत असावी. ४.७ जीबीच्या डिस्कवर छोट्या चित्रफितींच्या दोन-दोन प्रती सहसा मावतात.

डिस्कच्या मुख्य फोल्डरमध्ये एकच एचटीएमएल पान ठेवून त्यातून सर्व डाव उघडावेत, म्हणजे ब्राउझर हाच प्लेअर होतो. विंडोज ७ सोबत आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला पानातील व्हिडिओ दाखवता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्रफितीखाली मूळ फाइलचा साधा दुवाही द्यावा. तो दाबला की फाइल मीडिया प्लेअरमध्ये उघडता येते. डावांची नावे दाखवणारी उपशीर्षके वेगळ्या फाइलमध्ये ठेवू नयेत, कारण डिस्कवरून उघडलेल्या पानात क्रोम ती सुरक्षेच्या कारणास्तव वाचू देत नाही. ती चित्रावरच उमटवावीत.

फाइलींच्या नावांत फक्त रोमन स्मॉल लेटर्स व अंक वापरावेत आणि मध्ये जागा सोडू नये. पानात कॅपिटल आणि फाइलला स्मॉल अक्षर असा फरक राहिला, तर विंडोज तो खपवून घेते. उबुंटूवर मात्र फाइल सापडतच नाही. ऑटोरनवरही (डिस्क घालताच आपोआप सुरू होण्याच्या सोयीवर) विसंबू नये. मॅक त्याची दखल घेत नाही आणि विंडोज ७ आधी विचारणा करते, तेव्हा ‘हे पान उघडा’ एवढी सूचना डिस्कच्या वेष्टनावर छापलेली बरी. आताच्या बहुतेक लॅपटॉपना डिस्क ड्राइव्हच नसते, त्यांच्यासाठी हेच फोल्डर पेनड्राइव्हवर जसेच्या तसे चालते.

एवढे करूनही मनात धाकधूक असेल, तर व्हीएलसी हा मोफत प्लेअर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. विंडोजसाठी त्याची झिप आवृत्ती मिळते. ती उलगडून डिस्कवर ठेवली की इन्स्टॉल न करता आणि पासवर्ड न देता तेथूनच चालते, फक्त सुरू व्हायला वेळ घेते. मॅकची आवृत्ती मात्र मूळ डीएमजी फाइल (मॅकवर अ‍ॅप ज्यातून मिळते ती बांधीव फाइल) म्हणूनच ठेवावी. ती उघडून आतले अ‍ॅप डिस्कवर उतरवले, तर त्यातील दुवे व परवानग्या बिघडू शकतात. व्हीएलसी मुक्त परवान्याखाली असल्याने वाटायला पैसे पडत नाहीत, परंतु परवान्याचा मजकूर काढून टाकू नये आणि त्याच आवृत्तीचा सोर्स कोडही (प्रोग्रामचा मूळ मजकूर) डिस्कवर द्यावा किंवा तो देण्याची लेखी हमी द्यावी, ही त्या परवान्याची अट आहे.