'ती पट्टी रंगवली कोणी?' विचारणाऱ्या मुलीसाठी

ताई,

तुमच्या सासऱ्यांना हार्ट अटॅकनंतर काही वर्षांनी धोकादायक ठोके सुरू झाले, छातीत बसवलेलं आयसीडी (ठोके बिघडले की शॉक देणारं यंत्र) वारंवार शॉक देऊ लागलं. इथे इंदुरातच अ‍ॅब्लेशनआधी (त्रास देणारी जागा आतून डाग देऊन बंद करण्याच्या उपचाराआधी) सीटी काढला, त्यावरून तयार केलेलं रंगीत हृदय अकरावीतल्या लेकीनं पाहिलं आणि तेव्हापासून तिला 'हेच करायचंय'. तुम्ही विचारता, म्हणजे सीटी टेक्निशियन का? आणि नातेवाईक नाकं मुरडतात त्याचं काय?

आधी तिनं काय पाहिलं ते सांगतो. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो आणि तिथे हृदयाची भिंत पातळ होते. एरवी जवळपास सेंटिमीटरभर जाड असलेली भिंत 5 मिलिमीटरच्या आत आली की डॉक्टर तिथे बारकाईनं बघतात. या पातळ भागातून कधी कधी जरा जाड स्नायूची चिंचोळी पट्टी गेलेली असते. वीज तिच्यातून हळू सरकते, फिरून परत तिथेच येते आणि गोल फिरत राहते, म्हणून ठोके बेफाम होतात. ती वाट आधी कळली की कॅथेटर (हृदयात सरकवायची बारीक नळी) कुठे न्यायचा याचा अंदाज हाती असतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी यावर मोठं काम केलं आहे. एमआरआयमध्ये व्रण जास्त स्पष्ट दिसतो, पण आयसीडीच्या धातूमुळे चित्र बिघडू शकतं. सीटीत रक्तवाहिन्याही दिसतात, त्यामुळे डाग देताना त्या सांभाळता येतात. तरीही शेवटची खात्री आतून वीज मोजूनच होते.

आता नातेवाईकांचं. नाडी गोळीनं मंद करायची, क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघायचं, पेशंटला श्वास रोखायला लावायचं, आयोडीनचं औषध नेमकं हृदयात पोचलं की ईसीजीच्या तालावर स्कॅन घ्यायचा. यातल्या बऱ्याच गोष्टी टेक्निशियनच्या हातात असतात. तिथे चूक झाली तर पुढच्या तज्ज्ञाला ती पट्टी दिसणारच नाही. मला या कामाबद्दल फार आदर आहे. या कामाची बीएस्सी करायची तर कॉलेजच्या स्वतःच्या हॉस्पिटलात हृदयाचे सीटी होतात का, हे जाऊन बघा. मशीनशिवाय शिकवणारे कोर्स टाळा. रेडिएशनची भीती नको: स्कॅन चालू असताना कर्मचारी शिसं असलेल्या काचेमागे असतात, आणि अंगावरच्या बॅजवर डोस मोजला जातो.

कॅथेटर स्वतः धरायचा असेल तर रस्ता लांब आहे. नीट, साडेपाच वर्षं एमबीबीएस, 3 वर्षं एमडी मेडिसिन, 3 वर्षं डीएम कार्डिओलॉजी आणि त्यावर ठोक्यांच्या आजारांचं वेगळं प्रशिक्षण. गावातलं एमजीएम मेडिकल कॉलेज ही त्यातली पहिली पायरी होऊ शकते. स्कॅन वाचायचे असतील तर एमबीबीएसनंतर एमडी रेडिओलॉजी.

पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला महत्त्वाची वाटली. लेकीनं डॉक्टरांना विचारलं, 'ती पट्टी रंगवली कोणी?' आजोबांचं दुखणं समोर असताना तिला हा प्रश्न पडला! ते काम सॉफ्टवेअर आणि इमेजिंगचा इंजिनिअर मिळून करतात. स्कॅनच्या एकेका चकतीवर भिंतीची आतली-बाहेरची कड आखायची, जाडी मोजायची, तिला रंग द्यायचा. इथल्या एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे, आयआयटी इंदूरमध्येही या विषयाचा विभाग आहे. घर न सोडता सुरुवात होऊ शकते. माझा कल इकडे आहे.

मात्र तिनं गणित सोडून फक्त बायोलॉजी घेतलंय असं तुम्ही लिहिता, आणि इंजिनिअरिंगला गणित लागतं. गणित जादा विषय म्हणून अजून घेता येईल का, हे या आठवड्यात शाळेत विचारा. तेवढं झालं की मेडिकल आणि इंजिनिअरिंग, दोन्ही दारं उघडी राहतात.

आणखी एक करा. सासऱ्यांची हरकत नसेल तर त्यांच्या सीटीची सीडी मागून घ्या. थ्रीडी स्लायसर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात लेकीला डाव्या कप्प्याची भिंत स्वतः आखू द्या. काम किचकट आहे, डोळे दुखतील. दोन-तीन रविवार ती त्यात रमली तर मला तिनं स्वतःच लिहावं.