उतारावरच्या मुरमाड रानात घातलेला बांध दर पावसाळ्यात फुटतो, काय करावं? (बार्शी, सोलापूर)

बहुतेक वेळा बांध नजरेच्या अंदाजाने घातलेला असतो. मग पाणी सखल जागी गोळा होतं आणि तिथूनच फोडतं. आधी समपातळी रेषा (एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी) आखा. तीन काठ्यांची (दोन पाय, एक आडवी) ए-आकाराची चौकट करा, वरून ओळंबा सोडा. चौकटीचे पाय अदलाबदल करून ओळंब्याच्या दोरीच्या दोन्ही वेळच्या खुणांचा मध्य आडव्या काठीवर नोंदवा. ओळंबा त्या मध्यावर येईल तिथे दोन्ही पाय समपातळीत.

दोन बांधांत साधारण एक मीटर उतार धरा. शंभर मीटरला पाच मीटर उतार असेल तर अंतर वीस मीटर. माती थराथराने टाकून चोपा, सैल ढीग पहिल्याच पावसात बसतो.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायची वाट, हवाच! बांधाच्या माथ्यापेक्षा वीत-दीड वीत खाली, दगडी पिचिंगचा (दगड रचून पक्का केलेला), आणि खाली गवताळ किंवा दगडी जागेत उतरणारा. खरं तर इथेच लोक कंजुषी करतात. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस एकदम कोसळतो, जादा पाण्याला वाट नसेल तर कितीही उंच बांध टिकत नाही. बांधावर मारवेल गवत लावा, घुशींची बिळं जूनआधी बुजवा.

खोल काळी जमीन असेल तर मात्र हे समपातळी बांध नको. ती भेगाळते, पाणी तुंबतं. तिथे किंचित ढाळाचे बांध घाला.