पिग्मी खातं तिसऱ्या अटीपर्यंत पोचलंच नाही

प्रश्न : ताई, मी वर्षभरापासून पुण्यात एका छोट्या कंपनीत जावा लिहितोय. परवा रिव्ह्यूमधून माझा कोड परत आला. खात्याचा प्रकार बघून व्याज काढायला मी इन्स्टन्सऑफच्या (‘हे ऑब्जेक्ट अमुक क्लासचं आहे का’ विचारणाऱ्या) पाच अटी ओळीनं लावल्या होत्या. सीनियरचा शेरा एवढाच : ‘इन्स्टन्सऑफ दिसला की डिझाइन फसलं समजायचं.’ मग भाषेत तो ठेवलाय कशाला? त्याऐवजी ऑब्जेक्टचा नेमका क्लास सांगणारं गेटक्लास वापरलं तर चालेल का?

उत्तर : तुझ्या सीनियरचं अर्धं बरोबर आहे. ते अर्धं मी कसं शिकले, ते आधी सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहीत होते. संस्थेचं नाव सांगत नाही. चूक त्यांची नव्हतीच, माझी होती. बचत, मुदत ठेव, आवर्त ठेव आणि पिग्मी अशी खाती होती. (पिग्मी माहीत नसेल तर : एजंट रोज दुकानात येऊन दहा-वीस रुपये घेऊन जातो ना, ते.) पिग्मीचा क्लास मी बचतीच्या क्लासवरून एक्स्टेंड केला, म्हणजे त्याचा सबक्लास केला, कारण जमा-नावे, पासबुक, सगळं आयतं मिळत होतं. व्याजाच्या मेथडमध्ये पहिली अट ‘बचत आहे का’ आणि तिसरी ‘पिग्मी आहे का’.

इन्स्टन्सऑफ सबक्लासच्या ऑब्जेक्टलाही ‘हो’ म्हणतो. त्यामुळे प्रत्येक पिग्मी खातं पहिल्याच अटीत अडकलं आणि त्याला बचतीचा दर लागला. कोड चालण्याआधी तो तपासणाऱ्या कंपायलरनं चकार शब्द काढला नाही. मार्चअखेरीला तीन दिवस आम्ही व्याजदराच्या तक्त्यात चूक शोधत बसलो. शेवटी एका पिग्मी एजंटनं वहीत गुणाकार करून दाखवला : ‘मॅडम, हा दर बचतीचा आहे.’

अटींचा क्रम बदलून त्या रात्रीपुरतं भागलं. खरी दुरुस्ती नंतर केली : प्रत्येक क्लासला स्वतःची ‘व्याज काढ’ मेथड दिली. आपलं व्याज कसं काढायचं हे खात्याला माहीत असताना मी बाहेर उभी राहून ‘तू कोण, तू कोण’ विचारत होते. तुझ्या पाच अटींचंही तेच दिसतंय. तेवढ्यापुरता शेरा मान्य कर.

आता उरलेलं अर्धं. काही ठिकाणी विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट्स सारखी आहेत का, हे सांगणारी मेथड) लिहिताना समोरून नुसतं ‘ऑब्जेक्ट’ येतं, ते आपल्या जातीचं आहे का हे बघावंच लागतं. दुसऱ्याच्या जारमधल्या (तयार कोडच्या गठ्ठ्यातल्या) क्लासमध्ये तुला मेथड घालता येत नाही. शिवाय स्क्रीनवर कोणत्या खात्याला कोणता रंग द्यायचा, हे खात्याच्या क्लासमध्ये कोंबण्यापेक्षा मी तरी बाहेर विचारणं पसंत करीन. ही सोय जावात पहिल्यापासून आहे. ऑस्लोमध्ये जन्मलेल्या सिम्युला ६७ या जुन्या भाषेतच त्यासाठी दोन शब्द होते : ‘इज’ म्हणजे नेमका तोच क्लास, ‘इन’ म्हणजे तो किंवा त्याचा सबक्लास.

गेटक्लास म्हणजे त्यातला ‘इज’. माझी पिग्मीची चूक त्यानं टळली असती, पण दुसरी दारात उभी असते. हायबरनेट (डेटाबेसमधून ऑब्जेक्ट आणून देणारी लायब्ररी) लेझी लोडिंगसाठी, म्हणजे माहिती लागेल तेव्हाच आणण्यासाठी, तुझ्या क्लासचा प्रॉक्सी, म्हणजे एक सबक्लासच, हातात ठेवतो. मग गेटक्लासची तुलना खोटी ठरते आणि तू डोकं धरून बसतोस. आणि एक : नलवर (जिथे ऑब्जेक्टच नाही, तिथे) गेटक्लास बोलावलं की नलपॉइंटर एक्सेप्शन येतं, इन्स्टन्सऑफ मात्र नलला गुपचूप ‘नाही’ म्हणतो. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

तुमच्याकडे जावा २१ असेल (२०२३ पासून आहे), तर बाहेरून विचारायचं काम स्विचकडे, म्हणजे एकेका क्लाससाठी एकेक ‘केस’ लिहायच्या रचनेकडे दे. सबक्लासच्या आधी सुपरक्लासची केस लिहिलीस, तर तिथे कंपायलर कोड पुढे जाऊच देत नाही. माझे ते तीन दिवस वाचले असते! खात्याचा मूळ क्लास अ‍ॅबस्ट्रॅक्ट (ज्याचं स्वतःचं ऑब्जेक्ट होत नाही) आणि सील्ड (ज्याचे सबक्लास ठरवून दिलेलेच असतात) ठेवलास, स्विचमध्ये डिफॉल्ट, म्हणजे उरलेल्या सगळ्यांसाठीची केस, लिहिलं नाहीस, तर उद्या कुणी सहावं खातं आणून केस विसरला, की एररही तिथेच येते. मात्र या स्विचला नल आवडत नाही; ‘केस नल’ लिहिली नसेल तर तो एक्सेप्शन फेकतो.

तुझ्या पाच अटींचा क्रम पत्रात दिलेला नाहीस. कुठलं खातं कुठल्या खात्यावरून एक्स्टेंड केलंय आणि कुठली अट आधी आहे, एवढं आजच बघ. कोड अजून रिव्ह्यूतच आहे, हे बरं झालं.