नवा प्रकाशक, अनोळखी करार

प्रश्न : एका नव्या प्रकाशनाने माझा कथासंग्रह स्वीकारला आहे, पण आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) आणि छपाईसाठी २५ हजार रुपये मागितले आहेत. विश्वास ठेवावा का?

उत्तर : पैसे इतक्यात देऊ नका. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, अगदी स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. त्याचे पैसे लावणं ही धोक्याची पहिली खूण. आणि तो क्रमांक असणं हा प्रकाशक चांगला असल्याचा पुरावाही नव्हे.

त्यांची दोन पुस्तकं दुकानातून विकत घ्या. कुठल्याच दुकानात मिळत नसतील, तर उत्तर तिथेच मिळालं. मिळाली, तर मुद्रितशोधन आणि बांधणी बघा; शीर्षकपानामागे पत्ता, मुद्रकाचं नाव, आवृत्तीचं साल आहे का पाहा. मग त्यांच्या लेखकांशी बोला. प्रकाशकाने सुचवलेले नकोत, तुम्ही निवडलेले हवेत. प्रती किती छापल्या आणि विक्रीचा हिशेब लेखी मिळतो का, एवढंच विचारा.

खरी मेख करारात असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे कोऱ्या जागेपेक्षा ‘कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, सर्व भाषांत’ ही ओळ जास्त घातक. ती खोडायला सांगा. नकार आला, तर हस्तलिखित परत मागा.