मेमधलं मालदीव की जानेवारीतलं अंदमान?

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका. राहायला इंदिरानगर. दोघांचे मिळून हातात महिन्याला १,१२,००० येतात, दिवाळीला ७०,००० बोनस. घराचा हप्ता ३२,०००, बाकी खर्च ५५,००० आणि एसआयपी १०,०००. बँकेत ४ लाखांची एफडी आहे. येत्या मेमध्ये लग्नाला १५ वर्षं होतील, म्हणून पत्नीला न सांगता मालदीवचं पॅकेज ठरवतोय. आम्ही दोघं, मुलगी (आता आठवीत) आणि आई, चौघांचे ५,२०,०००. एफडीतले १,२०,००० आणि ४ लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्क्यांनी, ३ वर्षांसाठी. शिवाय एका मॉलमध्ये रिसॉर्टचं २५ वर्षांचं सभासदत्व ४,८०,००० मध्ये सांगितलं, वर्षाला ७ रात्री आणि १८,००० देखभाल शुल्क, त्याचे ११,००० टोकन भरलेत. यातलं काय करावं? आई म्हणते, परदेश राहू दे, जमलं तर अंदमान दाखव. ती भगूरची आहे.

उत्तर : तुम्ही या सहलीला जा. घराचं कर्ज फिटेपर्यंत थांबा, असं मी सांगणार नाही, कारण तोवर मुलगी घरातून बाहेर पडलेली असेल आणि आईंचे गुडघे आजच्यासारखे राहणार नाहीत. मात्र मेमध्ये नको, कर्ज काढून नको आणि सभासदत्व तर अजिबात नको.

आधी कर्जाचं बघू. ४ लाखांना १४ टक्क्यांनी ३ वर्षांचा हप्ता साधारण १३,६७० बसतो. व्याजापोटी ९२,००० जातात. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. सगळा खर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्या हातात महिन्याला १५,००० उरतात. त्यातले १३,६७० गेले तर १,३३० उरले, आणि तेही मुलीची नववी, दहावी, अकरावी अशी तीन वर्षं. क्लास, प्रवेश, फिया, सगळं याच तीन वर्षांत येणार. त्यात एफडीही सव्वा लाखाने रोडावलेली. तुमच्या घरचा महिना हप्त्यासकट ८७,००० चा, म्हणजे ४ लाख हे जेमतेम साडेचार महिन्यांचं राशन आहे. घरात वयस्क आई आहेत, आणि त्यांच्या वेगळ्या आरोग्यविम्याचा पत्रात उल्लेख नाही. ही एफडी सहलीसाठी मोडू नका. गोव्यासाठी नाही, मालदीवसाठी नाही, कशासाठीच नाही.

तुम्ही पॅकेजच्या कागदाचा फोटो पाठवलात ते बरं झालं. त्यात चार रात्री लिहिल्या आहेत, त्यातल्या दोन पाण्यावरच्या खोलीत. खाली बारीक अक्षरात ‘ग्रीन टॅक्स व ट्रान्सफर वेगळे’. या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. मालदीवमध्ये रिसॉर्टला दर माणशी दर रात्री १२ डॉलर ग्रीन टॅक्स आहे. चौघांचे चार रात्रींचे १९२ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर १७,२८० रुपये. ट्रान्सफर म्हणजे मालेच्या विमानतळावरून तुमच्या बेटापर्यंतचा प्रवास. तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. जवळच्या बेटावर स्पीडबोट नेते, लांबच्या बेटाला सी-प्लेन लागतं, आणि त्याचे जाऊन-येऊन माणशी शेकडो डॉलर होतात. सी-प्लेन दिवसाउजेडीच उडतं. मुंबईचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेत स्वतःच्या खर्चाने काढावी लागते. बेटावर दुसरं हॉटेल नाही, टपरी नाही, कोपऱ्यावरचं दुकान नाही. तहान लागली तरी रिसॉर्टचंच बिल. २० डॉलरच्या पदार्थावर १० टक्के सेवा शुल्क आणि १७ टक्के कर चढला की तो २५ डॉलरच्या वर जातो. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत खिशातून गेलेला असतो. चौघांचे पासपोर्ट काढायचे असतील तर त्याचे पाच-साडेपाच हजार वेगळे. एकूण ५,२०,००० हा आकडा तुमचा खरा आकडा नाही.

आणि महिना मे. त्या समुद्रात मेपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. ढग, वारा, खवळलेलं पाणी. म्हणूनच भाव उतरलेला आहे. जी निळी, काचेसारखी पाण्याची चित्रं तुम्ही पाहिलीत, ती डिसेंबर ते एप्रिलमधली असणार.

आता सभासदत्व. गेल्या वर्षी एक जोडपं माझ्या कॉलेज रोडच्या ऑफिसात असंच सभासदत्व घेऊन आलं होतं. निळी प्लॅस्टिकची फाइल, त्यात करार, हप्त्यांच्या पावत्या आणि दरवर्षीच्या देखभाल शुल्काच्या नोटिसा एकावर एक. शुल्क दरवर्षी थोडं थोडं वाढलेलं. बाईंनी वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या, कधी फोन केला, कुठलं रिसॉर्ट मागितलं, काय उत्तर आलं. दिवाळी, नाताळ, मे, सगळीकडे एकच शब्द : ‘फुल’. ती वही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तुमचंच गणित करू. ४,८०,००० बँकेत ७ टक्क्यांनी राहिले तर वर्षाला ३३,६०० व्याज. तुम्हाला सांगितलेलं देखभाल शुल्क १८,०००. म्हणजे ७ रात्रींसाठी वर्षाला ५१,६००, रात्रीला साधारण ७,३७०. हे फक्त खोलीचे. जेवण, विमान, गाडी, सगळं वेगळं, आणि २५ वर्षांनी मुद्दल परत येत नाही ते वेगळंच. शुल्क वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत गेलं तर २५ वर्षांत तेच पावणेदहा लाखांच्या वर जातं. आज एखाद्या वर्षी जायला जमलं नाही तर तुम्ही कुणाला एक रुपया देणं लागत नाही. सभासद झाल्यावर मुलीच्या दहावीच्या वर्षीही शुल्क भरायचंच. टोकनची पावती काढा, करारात रद्द करण्याची मुदत किती ते बघा आणि आजच ईमेल करा, ‘मला हे सभासदत्व नको, रक्कम परत करावी.’ त्याची प्रत स्पीड पोस्टाने पाठवा. फोनवर बोलत बसू नका. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग नाशिकलाच आहे.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीने मला थांबवलं. भगूरच्या लेकीला सेल्युलर जेल बघायचंय. सावरकरांचं जन्मगाव ते, आणि १९११ साली त्यांना नेलं ते याच तुरुंगात. आपल्याकडच्या एका पिढीला अंदमान म्हटलं की समुद्र आठवत नाही, कोठडी आठवते. त्या माऊलीने तोंडाने मागितलेली ही एकच गोष्ट आहे. आणि राधानगरचा किनारा पाहिलात तर तुमचा समुद्रही तुम्हाला मिळेल. पांढरी वाळू आणि मागे उंच झाडी आहे. तो स्वराज द्वीपावर, म्हणजे हॅवलॉकवर आहे, श्रीविजयपुरम म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून फेरीने दीड-दोन तासांवर.

चौघांचे सहा दिवसांचे मी २,२०,००० धरते. विमानाचे ९०,०००, दोन खोल्यांचे पाच रात्रींचे ७०,०००, बाकी फेरी, गाडी, जेवणखाण. पासपोर्ट नको, टीसीएस नको. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल आणि कंपनी एलटीए, म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता, देत असेल तर विमानभाडं त्यात बसू शकतं, हॉटेल नाही. अवलंबून असलेल्या आईंचं तिकीटही त्यात धरता येतं. परदेशी सहलीला ही सवलत नाही.

पैसे असे उभे करा. एप्रिलपासून महिन्याला १५,००० वेगळ्या बचत खात्यात टाका. आरडी, म्हणजे आवर्ती ठेव, मी मुद्दाम सांगत नाही, कारण तिकिटं सप्टेंबरात काढायची आहेत आणि तेव्हा पैसा हाताशी लागेल. सहा महिन्यांत ९०,००० होतात, म्हणजे बरोबर विमानाचे. उरलेल्या चार महिन्यांत ६०,००० आणि तुम्ही लिहिलेला दिवाळीचा ७०,००० बोनस. जानेवारीअखेर २,२०,००० पूर्ण, एफडी जागच्या जागी, एसआयपी चालू, हप्ता एकही नाही. त्याच्याही पुढच्या जानेवारीवर ढकलू नका, तेव्हा मुलगी दहावीला असेल.

राहिलं सरप्राइजचं. वहिनींचा पगारही याच घरात येतो, आणि शिक्षिकेला जानेवारीत रजा हवी तर मुख्याध्यापकांना बरंच आधी सांगावं लागतं. तेव्हा गुपित तसंही टिकणार नाही. मेमध्ये, लग्नाच्या वाढदिवशी, त्यांच्या हातात बेताचा कागद द्या आणि तारखा त्यांनाच ठरवू द्या.

एक मात्र आत्ताच टिपून ठेवा. २६ जानेवारीला सेल्युलर जेल बंद असतं. आईंना तिथे न्यायचा दिवस २५ किंवा २७ धरा, आणि विमानाचं तिकीट काढतानाच त्यांच्यासाठी व्हीलचेअर नोंदवा.