सासरची खापरपणजी मॉर्मन पायोनियर होती, म्हणजे एकोणिसाव्या शतकात तांड्यांनी अमेरिकेतल्या युटात येऊन वसलेल्या मॉर्मन पंथीयांपैकी एक. 'मरेपर्यंत तिची श्रद्धा ढळली नाही' असं घरात सांगतात. हे कागदपत्रांवरून कसं पडताळायचं?

घरातलं लिखित चरित्र आधी बाजूला ठेवा. 'डॉटर्स ऑफ युटा पायोनियर्स' ही संस्था 1901 ची. तिच्या संग्रहातली बरीच चरित्रं लेकीनातवंडांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे साठा उत्तरांची कहाणी सुफळ संपूर्णच होते. त्यातली गावं आणि तारखा तेवढ्या उचला.

प्रवासाची नोंद मॉर्मन चर्चच्या 'चर्च हिस्टरी बायोग्राफिकल डेटाबेस'मध्ये फुकट सापडते. तांड्याच्या यादीत बाई बहुधा नवऱ्याच्या आडनावाने असते आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर माहेरच्या, म्हणून दोन्ही नावांनी शोधा. मात्र एवढ्यावर श्रद्धा ठरवू नका. 1856 मध्ये हातगाड्या ओढत बर्फातून आलेल्यांपैकीही काहींनी पुढे चर्च सोडलं.

खरी कसोटी एन्डाउमेंटच्या तारखेची. मंदिरातल्या, देवाला वचनं देण्याच्या या विधीसाठी बिशपची, म्हणजे वॉर्डाच्या (स्थानिक मंडळीच्या) प्रमुखाची, शिफारस लागायची. मृतांच्या वतीने तो विधी जानेवारी 1877 मध्ये दक्षिण युटातल्या सेंट जॉर्जच्या मंदिरात सुरू झाला, म्हणजे त्याआधीची तारीख असेल तर विधी तिने स्वतः केला. त्यानंतरची तारीख मृत्यूच्या तारखेशी ताडून पाहा. मृत्यूनंतरची निघाली तर तो वंशजांनी उरकलेला विधी, तिच्या श्रद्धेचा पुरावा नाही. फॅमिलीसर्चवर या तारखा फक्त चर्चच्या सदस्यांना दिसतात, तेव्हा सासरच्या एखाद्या सदस्य नातेवाइकालाच लॉगिन करायला सांगा.

बाप्तिस्म्याच्या दोन-तीन तारखा दिसल्या तर गोंधळू नका. युटात पोचल्यावर, आणि पुन्हा 1856-57 च्या धर्मसुधारणेच्या लाटेत, जुन्या सदस्यांनीही नव्याने बाप्तिस्मा घेतला होता. सर्वांत जुनी तारीख धरा.

आयुष्यभराचा माग लागतो तो रिलीफ सोसायटीच्या इतिवृत्तांत. चर्चची ही महिला संघटना 1842 मध्ये इलिनॉयमधल्या नॉवू इथे स्थापन झाली आणि 1868 पासून युटात वॉर्डावॉर्डात पुन्हा उभी राहिली. वह्या सॉल्ट लेक सिटीतल्या चर्च हिस्टरी लायब्ररीत आहेत, बऱ्याच स्कॅन झाल्या आहेत. त्या वॉर्डवार लावलेल्या असल्यामुळे आधी 1870 आणि 1880 च्या जनगणनेतून तिचं गाव व वॉर्ड काढा. वहीत कोणी किती अंडी दिली, गोधडीचे तुकडे, सतरंजीसाठी चिंध्या, 1876 नंतर साठवणीचा गहू, असा हिशेब असतो. मधेच 'सिस्टर अमुक यांनी साक्ष दिली', म्हणजे सभेत आपली श्रद्धा बोलून दाखवली, अशी एखादी ओळ येते. दहा पानी चरित्रापेक्षा मला ती ओळ जास्त भरवशाची वाटते, कारण ती त्याच दिवशी लिहिलेली असते. चिटणीस कानाला लागेल तसं नाव लिहायची, म्हणून स्पेलिंगवर अडून बसू नका.

नाव अचानक गायब झालं तर लगेच 'धर्म सोडला' म्हणू नका. 1861 पासून कित्येक कुटुंबांना कापूस पिकवायला दक्षिण युटात धाडलं होतं. 1880 च्या दशकात बहुपत्नीकत्वावरच्या धरपकडीमुळे धाकट्या बायका नाव बदलून दुसऱ्या गावी राहत. सेंट जॉर्जकडच्या वॉर्डांच्या वह्या आणि माहेरचं आडनाव, दोन्ही तपासून झाल्यावरच निष्कर्ष काढा.